हेडसेट कुठला, ते नंतर. आधी तो दुरुस्त कोण करणार ते सांगा

नमस्कार ताई,

मी एका ग्राहक सेवा विभागात टीम लीडर आहे. दिवसपाळीला आम्ही 13 जण फोनवर असतो. तासाला साधारण 100 कॉल येतात आणि एक कॉल सरासरी सहा मिनिटं चालतो. आमचे हेडसेट, टेबलावरचे आयपी फोन (नेटवर्कच्या तारेवर चालणारे), ते जोडणारे स्विच, सगळं परदेशी बनावटीचं आहे आणि वॉरंटी संपत आलीय. आता साहेबांनी ठरवलंय, पुढची खरेदी सगळी देशी बनावटीची. का, तर ‘आपल्या माणसांना काम मिळायला हवं.’ मला ते पटतं, पण फोन मला चालवायचे आहेत. आयटीमधला मुलगा म्हणतो, देशी म्हणजे आत सगळं बाहेरचंच, वर स्टिकर फक्त आपलं. शिवाय दर दीडपट. टीममधल्या मुली म्हणतात, काहीही आणा, पण कान दुखणार नाहीत असं आणा. मी साहेबांना हो म्हणू की अडवू? आणि जाता जाता अजून एक: कपाटात जुने 40 हेडसेट बंद पडलेत. त्यांचं काय करू?

– तारांत अडकलेली

प्रिय तारांत अडकलेली,

साहेब, आयटीवाला मुलगा आणि तुमच्या मुली, तिघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणूनच तुमची पंचाईत झालीय. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: हेडसेटपुरतं साहेबांना हो म्हणा, बाकीच्या यादीला सरसकट हो म्हणू नका. आणि हो म्हणताना कारण मात्र तुमचं द्या, त्यांचं नको.

तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘खूप कॉल येतात’ एवढंच असतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञानं 1917 साली फोनच्या रांगेचं सूत्र मांडलं. किती माणसं बसवायची याचा हिशोब कॉल सेंटरवाले अजूनही त्यावरूनच करतात. तुमचे आकडे मी त्यात घालून पाहिले. 13 जण फोनवर असतील तर ग्राहकाला सरासरी 34 सेकंद थांबावं लागतं. 12 असतील तर 81 सेकंद. आणि 11 असतील तर? चार मिनिटांच्याही वर. दोनच खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि अर्ध्या मिनिटाची चार मिनिटं झाली. सूत्र असं धरून चालतं की वैतागून फोन कुणी ठेवत नाही. प्रत्यक्षात लोक ठेवतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा करतात, आधीपेक्षा तापून. ते तुम्हाला मी काय सांगायचं.

म्हणजे तुमच्या फ्लोअरवर हेडसेटची खरी किंमत बिलावर नसते. तो बंद पडल्यापासून पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर चढेपर्यंत किती दिवस जातात, त्यात ती असते.

आयटीवाला मुलगा इथं मधे बोलेल, ‘मग चार जादा घेऊन ठेवा की.’ बरोबर आहे त्याचं. देशी-विदेशीचा वाद सुरू करण्याआधी ड्रॉवरमध्ये जादा हेडसेट असायलाच हवेत. पण किती, हे दुरुस्तीला लागणाऱ्या दिवसांवर ठरतं. समजा, दहा दिवसांना एक हेडसेट जातो. दुरुस्त होऊन यायला तीन दिवस लागत असतील, तर कुठल्याही दिवशी सरासरी एकाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही बाहेर नसतो. दोन जादा ठेवलेत की झोप लागते. चाळीस दिवस लागत असतील, तर सरासरी चार कायमचे बाहेर. आणि सरासरी चार म्हणजे वाईट आठवड्यात सहा-सात. तेव्हा जादा सात तरी हवेत, म्हणजे तुमच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक. दीडपट दराचा बराचसा फरक इथंच भरून निघतो. पूर्ण निघत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. तो कुठं निघतो ते शेवटी तुमच्या कपाटाशी आल्यावर बोलू.

मी स्वतः नऊ वर्षं फ्लोअरवर काढली आहेत. आमच्याकडे एकदा एकाच खेपेतले हेडसेट धडाधड जायला लागले. लक्षण सगळ्यांचं एकच: बोलता बोलता आवाज जायचा आणि मान डावीकडे वळवली की परत यायचा. महिनाभर आमच्या मुली डावीकडे मान करून ग्राहकांशी बोलत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांची एकदमच मान अवघडलीय. माल चांगल्या नावाचा होता, परदेशातून आलेला. तक्रार नोंदवली. पहिलं उत्तर यंत्राचं. दुसरं माणसाचं, पण ते म्हणालं, दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तिसरं म्हणालं, अनुक्रमांकाचा फोटो पाठवा. आम्ही जागे तेव्हा ते झोपलेले आणि ते जागे तेव्हा आमची पाळी संपलेली, त्यामुळे एका प्रश्नोत्तराला एक अख्खा दिवस. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणारे आम्ही स्वतः कुणाच्या तरी तक्रारींच्या रांगेत उभे होतो. सतराव्या दिवशी बदली माल मंजूर झाला. आला तो त्याच खेपेतला.

मग आम्ही एका लहानशा देशी उत्पादकाकडून दहा नग चाचणीला घेतले. त्यातलेही दोन महिन्याभरात गेले! आयटीवाला मुलगा हे वाचून हसला असेल. पण यावेळी फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक स्वतः आले. पिशवीत सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि चिमटा. बिघडलेला हेडसेट त्यांनी आधी हातातही घेतला नाही. एका मुलीच्या मागे स्टूल ओढून अर्धा तास नुसते बसून राहिले. मग म्हणाले, ‘या ताई प्रत्येक कॉल संपला की खुर्ची फिरवून मागच्या फळ्यावर काहीतरी लिहितात. तार खुर्चीच्या हाताला अडकते आणि ओढ सगळी इथं येते.’ इथं म्हणजे तार कानाच्या कपात शिरते तिथं. तार मुडपू नये म्हणून तिथं एक रबरी नळी असते. ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी होती. त्यांनी ब्लेडनं ती चिरून दाखवली. आत केसासारख्या तांब्याच्या तारा, निम्म्याहून जास्त तुटलेल्या. मान डावीकडे झाली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची आणि आवाज यायचा. महिनाभराचं कोडं स्टुलावर बसून अर्ध्या तासात सुटलं.

पुढच्या खेपेत ती नळी दुप्पट लांबीची आली, आणि तार कॉलरला अडकवायची एक क्लिपही. आम्ही मागितली नव्हती.

देशी उपकरणाचं मोल मला विचाराल तर ते या स्टुलात आहे. ज्यानं वस्तू बनवली त्यानं ती वापरणाऱ्याच्या मागे बसून पाहिली, आणि जे दिसलं ते पुढच्या मालात उतरलं. दूरच्या मोठ्या कंपनीचे इंजिनिअर हुशार नसतात असं मुळीच नाही. पण तुमचे 13 हेडसेट म्हणजे त्यांच्या हिशोबात वहीच्या समासातली रेघ. लहान देशी उत्पादकाकडे तुम्ही नावानिशी ओळखीचं गिऱ्हाईक असता. तुमच्या तक्रारीला वजन येतं ते त्यामुळे. देशप्रेमाचा त्यात फारसा संबंध नाही.

नाण्याची दुसरी बाजू लपवत नाही. याच मालकांना पुढं आजारपण आलं आणि दोन महिने आमची दुरुस्ती ठप्प झाली, कारण सगळी विद्या त्यांच्या एकट्याच्या डोक्यात. कारखान्यातला मुलगा सोल्डरिंग करायचा, पण कुठली तार कुठं जाते ते मालकांना विचारून. तेव्हा ज्याच्याकडून घ्याल त्याच्याकडून सुट्या भागांची यादी आणि जोडणीचा साधा आराखडा लिहून घ्या. आढेवेढे घेणारा भेटला तर त्याच्याकडे असा कागदच नसेल, असं समजायला हरकत नाही.

आता स्टिकरचा मुद्दा. तो मुलगा खोटं बोलत नाहीये. हेडसेटच्या पोटातली चिप, माइकची कॅप्सूल, बिनतारी असेल तर बॅटरीचा सेल, हे सगळं जगात मोजक्या ठिकाणी बनतं आणि त्यातली बरीचशी ठिकाणं पूर्व आशियात आहेत. ‘देशी’ म्हणजे किती देशी, यावर देशोदेशीच्या सरकारांचंही एकमत नाही. अमेरिकेत ‘मेड इन यूएसए’ असं बिनशर्त लिहायचं तर माल जवळजवळ संपूर्ण तिथलाच हवा, आणि 2021 पासून हे लेबलच्या नियमांतच घातलंय. स्वित्झर्लंडमध्ये कारखान्यात बनणाऱ्या वस्तूंसाठी 2017 पासून उत्पादनखर्चाचा निदान 60 टक्के भाग स्विस असावा लागतो. भारतात सरकारी खरेदीसाठी 2017 चा आदेश आहे. त्यात 2020 मध्ये वर्ग पडले: 50 टक्के किंवा जास्त स्थानिक मूल्य असेल तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार, 20 ते 50 च्या मधला दुसऱ्या वर्गाचा. म्हणजे एकच हेडसेट एका देशात छाती काढून देशी म्हणवून घेईल आणि दुसऱ्या देशात त्याला लेबल लावायचीही सोय नसेल.

तुम्ही या टक्क्यांच्या मागे लागू नका. ते काम खरेदी खात्याचं. तुम्ही विचारायचं एवढंच, की याच्यातलं काय काय तुम्ही इथं उघडून बदलू शकता? तार, माइकची दांडी, कानाची गादी, स्पीकर, स्विच हे सगळं इथल्या टेबलावर बदलता येत असेल, तर चिप कुठून आली याचं मला सोयरसुतक नाही. चिप सहसा जातच नाही. जाते ती तार, जाते ती गादी, जातो तो सांधा. उलट ‘संपूर्ण देशी’ असं छापलेला, पण चिकटवून बंद केलेला आणि बिघडला की फेकायचा हेडसेट मला कुणी फुकट दिला तरी नको.

स्टिकरवाल्या मुलाचं अजून एका बाबतीत ऐका. देशी घेतलं की पुरवठा कधी अडणार नाही, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं आणि त्यामागे जगभरचा माल तटला. त्याच सुमारास चिपांचा तुटवडाही होता. ज्यांचा कच्चा माल बाहेरून यायचा ते देशी उत्पादकही तेव्हा तसेच अडले. फरक असतो तो नव्या मालात नव्हे, जुना चालू ठेवण्यात. जवळ कारागीर असेल तर तुटवड्याच्या काळात दोन मेलेल्या हेडसेटांतून एक जिवंत करून देतो.

बिनतारी हेडसेटचा विचार चालू असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ऑफिसातले बरेचसे बिनतारी हेडसेट डेक्ट नावाच्या रेडिओ पद्धतीवर चालतात आणि तिची वारंवारता प्रदेशानुसार बदलते. युरोपात 1880 ते 1900 मेगाहर्ट्झ, अमेरिकेत 1920 ते 1930. कुणीतरी प्रवासातून स्वस्तात आणलेला संच तुमच्याकडे चालेलही, पण इथं तो कायद्यानं चालवायची परवानगी असेलच असं नाही. स्थानिक बाजारासाठी बनलेल्या मालात हा घोळ नसतो. दुसरी गोष्ट बॅटरीची. लिथियम-आयन सेल फुगला की तो हेडसेट दुरुस्तीसाठी विमानानं पाठवता येत नाही. खराब झालेल्या, धोकादायक ठरलेल्या लिथियम बॅटऱ्या हवाई मालात नेण्यावर बंदी आहे, आणि योग्यच आहे. मग तो हेडसेट ना इथं दुरुस्त होतो, ना तिकडं जातो. टेबलाच्या खणात गप पडून राहतो. तुमच्या 40 मध्ये असे असतील तर ते आधी बाजूला काढा, हे मी हसत सांगत नाहीये.

आयपी फोन आणि स्विच यांच्यासाठी मात्र मी साहेबांशी भांडेन. फोन एसआयपी, म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडायची सगळ्या कंपन्यांची सामाईक भाषा, बोलत असेल (तिचं आज चालतं ते मानक 2002 चं आहे), तर तो कुठल्या देशाचा यानं तुमच्या पाळीला काही फरक पडत नाही. एका टेबलावर एक कंपनी, दुसऱ्यावर दुसरी, तरी एकमेकांशी बोलतात. हे यंत्र वर्षानुवर्षं टेबलावर नुसतं बसून असतं, त्याला कुणी ओढत नाही, त्याच्यावर कुणी झोपत नाही. तिथं बघायचं ते फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर: सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळणार आणि कोण देणार. देशी कंपनी याचं उत्तर लेखी देत असेल तर जरूर घ्या. ‘फर्मवेअर लागलं तर बघू’ म्हणत असेल तर नको, मग ती आपल्या शेजारची का असेना. अजून एक बारीक खोच सांगते. काही स्वस्त फोन नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेतात, पण 2003 मध्ये ठरलेल्या मानकाप्रमाणे नाही, आपल्याच पद्धतीनं. तुमच्या सध्याच्या स्विचला ते लावले तर चालूच होणार नाहीत आणि दोष मात्र फोनच्या देशाला लागेल. मानक पीओई (तारेतून वीज देण्याची ती ठरलेली पद्धत) आहे का, हे आधी विचारा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस यावर मी एक ओळही लिहिणार नाही. हाताला बरं वाटेल ते घ्या.

मुलींच्या कानांकडे येते. खरं तर पत्र वाचल्यावर मी आधी तिथंच थांबले होते, कारण या सगळ्या चर्चेत आठ तास ती वस्तू डोक्यावर घेऊन बसणाऱ्या त्याच एकट्या. कान दुखतो त्याची कारणं साधी असतात. पट्टी जास्त आवळते, गादीतला फोम बसून कडक होतो, किंवा समोरचा आवाज नीट येत नाही म्हणून आवाज वाढवून ठेवलेला असतो. पहिली दोन कारणं दुरुस्तीवाला जवळ असला की मिटतात. गाद्या दर चार-सहा महिन्यांनी बदलायच्या असतात, आणि ज्या गाद्या तीन समुद्र ओलांडून येतात त्या कुणी बदलत नाही, हा माझा अनुभव. तिसऱ्या कारणासाठी उत्पादकाकडून कागद मागा: अचानक मोठा आवाज आला तर हेडसेट तो कुठं अडवतो, आणि याची चाचणी कुणी केलीय. कामाच्या जागच्या आवाजाबद्दल युरोपीय संघाचा 2003 चा निर्देश 80 आणि 85 डेसिबलच्या पातळीपासून मालकावर जबाबदाऱ्या टाकायला लागतो, तेव्हा हा काही चोचल्यांचा विषय नाही. आणि इथं लहान देशी उत्पादकांवर मी आंधळा विश्वास ठेवणार नाही. हात चांगला असतो त्यांचा, पण चाचणीचा खर्च टाळायचा मोह होतो.

आवाजाची परीक्षा मात्र माहितीपत्रकावर करू नका, कानानं करा आणि आपल्या भाषेत करा. जुन्या टेलिफोनच्या वाटेनं साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’ आणि ‘श’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून फोनवर ‘साठ’चा ‘आठ’ होतो आणि ग्राहक चुकीची रक्कम भरून तुमच्याशीच भांडतो. 1988 मध्ये आलेल्या जी.722 या आवाज पाठवण्याच्या पद्धतीनं ही वाट 50 ते 7000 हर्ट्झपर्यंत रुंद केली, पण त्यासाठी दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या यंत्रणेला ती पद्धत यायला हवी. तेव्हा नमुन्याचे दोन हेडसेट मागवा, एका मुलीला फ्लोअरवर गजबजलेल्या वेळी बसवा, दुसरीला बाहेरून साध्या मोबाइलवरून फोन करायला सांगा आणि नुसते आकडे वाचून घ्या: साठ, आठ, सात, सहासष्ट, अठ्ठावन्न, अठ्ठ्याऐंशी. मग ‘ख’, ‘ठ’, ‘भ’ची गर्दी असलेली दोन-चार वाक्यं. आजूबाजूचा गोंगाट कापणारी यंत्रणा शब्दाचा पहिला श्वासही कापते का, ते इथं कळतं. देशी उत्पादकानं ही परीक्षा आधीच घेतलेली असेल अशी माझी अपेक्षा असते. नसेल घेतली, तर तो आपल्या माणसांसाठी बनवतोय हे म्हणणं जरा पोकळच.

आता साहेबांशी कसं बोलायचं ते. ‘आपल्या माणसांना काम’ या त्यांच्या म्हणण्याला नाकं मुरडू नका, ते खोटं नाही. पण त्यांच्यासमोर 34, 81 आणि चार मिनिटं हे तीन आकडे एका कागदावर ठेवा आणि सांगा, मला देशी हवंय ते यासाठी. मग खरेदीच्या कागदात तुमच्या अटी घालून घ्या: बिघडलेला नग दोन कामाच्या दिवसांत दुरुस्त किंवा बदली. सुटे भाग पाच वर्षं मिळणार. दोन नग पुरवठादाराचे, पण आमच्या ड्रॉवरमध्ये. आणि पहिल्या तीन महिन्यांत कारखान्यातलं कुणीतरी एकदा फ्लोअरवर येऊन बसणार. ही शेवटची अट वाचून खरेदी खात्यातले लोक गालात हसतील. हसू द्या, पण खोडू देऊ नका. दूरची मोठी कंपनी या अटी मान्य करत असेल आणि पाळायला तिचा माणूस इथं असेल, तर तिच्याकडूनही घ्या की. माझी काही हरकत नाही. आणि देशी कंपनी या अटींना नाही म्हणत असेल, तर साहेबांना तोच कागद दाखवा.

सगळे 13 एकदम बदलू नका. आधी चार घ्या, तेही सगळ्यात जास्त धसमुसळ्या मुलींना द्या. सांभाळून वापरणाऱ्यांच्या हाती नमुना दिला तर तीन महिन्यांत काहीच कळत नाही. आणि जोडणीकडे लक्ष ठेवा. हेडसेटची तार मधे पटकन सुटावी म्हणून जो जोड असतो, त्याला आपल्याकडे सगळे क्यूडी म्हणतात, तो सगळ्या कंपन्यांचा एकमेकांत बसत नाही. फोनच्या बाजूचा छोटा चौकोनी प्लगसुद्धा दिसायला सारखा आणि आतून वेगळ्या क्रमानं जोडलेला असू शकतो. तुमचे फोन तेच राहणार असतील तर त्यातला एक उत्पादकाकडे आठवडाभर देऊन ठेवा. तो त्याला बसणारी तार बनवून देईल. हे काम दूरच्या कंपनीकडून करून घेऊन बघा एकदा.

राहिलं तुमचं कपाट. जाता जाता विचारलंत, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. 13 खुर्च्या आणि 40 मेलेले हेडसेट, म्हणजे एकेका खुर्चीनं तीन-तीन खाल्ले. रात्रपाळीही तेच वापरत असेल हे धरलं तरी तीन म्हणजे फार झाले. दर दीडपट का परवडतो हे साहेबांना विचारू द्या, मग कपाटाचं दार उघडा. एकदा घेऊन तीनदा दुरुस्त केलेला दीडपट दराचा हेडसेट आणि चारदा नव्यानं घेतलेला स्वस्त हेडसेट, हा हिशोब त्यांना कागदाशिवायही जमेल.

फेकू मात्र नका. एखाद्या निवांत दुपारी मोठ्या टेबलावर सगळे ओता. फुगलेल्या बॅटरीवाले वेगळे काढून ई-कचरा नेणाऱ्याकडे द्या. उरलेल्यांचे ढीग करा: तार कपाशी तुटलेले, प्लगशी तुटलेले, माइकची दांडी लोंबणारे, गाद्या गेलेले, पट्टी मोडलेले. कळत नसेल तर लावून बघा आणि तार हलवा, आवाज कुठं खरखरतो ते ऐका. फोमची काळी चिकट भुकटी बोटांना लागेल, जुने कपडे घालून या. कान दुखतात म्हणणाऱ्या मुलींपैकी एकीला सोबत घ्या. प्रत्येक ढिगावर चिठ्ठी लावून फोटो काढा आणि उत्पादक नमुने घेऊन येईल तेव्हा सगळ्यात मोठा ढीग त्याच्यापुढे ठेवून विचारा, तुमचा इथं कसा टिकेल? त्याच ढिगांतून तो सात-आठ चालू करून देऊ शकला तर ते तुमचे जादा नग झाले.

ढीग मोजून झाले की मला कळवा. माझी पैज तारेच्या मानेवर आहे.